बिबड्यावरची रेघ

१

ही हकीकत तुम्हाला खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला वाटेल त्याची मला काळजी वाटेल. मी प्रेमराज, वय अठ्ठ्याहत्तर, अमळनेर डेपोचा निवृत्त कंडक्टर. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या प्रवाशाच्या खिशात किती सुट्टे आहेत, हे मी तो पायरी चढतानाच्या आवाजावरून सांगायचो. एकदा पारोळ्याच्या गाडीतले दिवे गेले, तर अंधारात नुसत्या बोटांवर साठ माणसांचा हिशेब चुकता केला, आणि एकाने दिलेलं खोटं नाणं त्याच्याच वरच्या खिशात परत टाकलं, त्याला कळू न देता. माझ्या उजव्या अंगठ्याच्या पोटाला एक तिरपी खाच आहे. तिकिटाच्या पंचाने चौतीस वर्षांत पाडलेली. लोक मेडल दाखवतात, मी अंगठा दाखवतो.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, देवचंदच्या गच्चीवर चहा पिता पिता मी ही हकीकत सांगितली, तशीच इथे लिहितो. ऐकायला देवचंद होता, त्याची बायको भागाबाई होती, धुळ्याचा योगराज होता, आणि योगराजची लेक ज्योती नवऱ्याला घेऊन सणाला आली होती. जावई रावेरकडचे केळीवाले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून मी जरा जास्त मनापासून सांगत होतो.

आधी देवचंद कळायला हवा. जळगावच्या एका कारखान्यात तो चाळीस वर्षं साचे कोरायचा, लोखंडाचे, हाताने. निवृत्त झाल्यावर त्याने अमेरिकेची जुनी नाणी जमवायला घेतली. सोन्याची नाहीत, तांब्याची. दोनशे वर्षांपूर्वीचे तिथले सेंट. मी विचारलं, इथे शिवराई पडलीय पायाखाली आणि तू समुद्रापलीकडचं काय गोळा करतोस? तर म्हणाला, "प्रेमराज, तिथल्या पहिल्या टांकसाळीत प्रत्येक साचा कारागिराने हाताने कोरलाय. एकासारखा दुसरा नाही. एकात बाईच्या केसांची बट वाकडी, दुसऱ्यात सालाचा आकडा घसरलेला. तो माणूस माझ्या धंद्यातला होता. त्याचा हात मला ओळखू येतो."

सन अठराशे एकचा एक सेंट त्याचा विशेष लाडका होता. सेंट म्हणजे शंभरातला एक भाग. त्या कारागिराने एकाच्या खाली शंभर कोरायच्या ऐवजी तीन शून्यं ठोकली. शिवाय पानांच्या वेलीचा एक देठ कोरायचा विसरला. देवचंद ते नाणं भिंगाखाली धरून लेकराची खोडी सांगावी तसा हसायचा. त्याच्या पणजोबांना ते कापसाच्या जिनिंगमध्ये, अमेरिकन सरकीच्या पोत्यात सापडलं होतं म्हणे. मी हे सांगताना पोत्यात एक अमेरिकन माणूसही घालतो, पण तो आज राहू द्या.

योगराज त्याचा मित्र, धुळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. त्यालाही तोच नाद, आणि त्याच्याकडेही अगदी त्याच साच्याचा सेंट. मग वाद हा, की दोघांतलं थोरलं नाणं कुणाचं. ते कसं कळणार? तर असं. साचा ठोके खाऊन खाऊन दमतो, त्याला तडा जातो. तडा म्हणजे साच्यात खाच. त्या खाचेत तांबं शिरतं, म्हणून नाण्यावर उंच रेघ उठते. ठोके वाढतात तशी रेघ लांबते. आखूड रेघेचं नाणं आधी जन्मलेलं, लांब रेघेचं नंतरचं. पैज अशी लागली होती, की ज्याचं नाणं धाकटं ठरेल त्याने दुसऱ्याला जन्मभर दादा म्हणायचं. देवचंद योगराजपेक्षा दोन वर्षांनी मोठा, तेव्हा हरणं त्याला परवडणारं नव्हतं.

गेल्या वर्षी आखाजीच्या तीन दिवस आधी, गुरुवारी सकाळी आम्ही तिघं देवचंदच्या बैठकीत बसलो. बुद्धाच्या छोट्या मूर्तीशेजारी भिंग, समोर हिरवं मखमल, मखमलीवर दोन सेंट. वर गच्चीवर भागाबाई आणि शेजारच्या बेबाबाई बिबडे करत होत्या. जावईबापू, तुमच्याकडेही करतात: ज्वारीचा लसूण-तिखट घातलेला घाटा ओल्या लुगड्यावर हाताने थापून उन्हात वाळवायचा. देवचंदचं नाणं आधी बघून झालं, मग योगराजचं भिंगाखाली गेलं, तेव्हा मी मधेच गच्चीवरच्या माठातलं पाणी पिऊन आलो. त्याच वेळी वावटळ आली, वरून भागाबाईंनी कापड धरा म्हणून हाक मारली, पण हे दोघं भिंगातून मान वर काढतील तर शपथ.

निकाल लागला. योगराजच्या नाण्यावरची रेघ कडेपासून निघून पहिल्या पानापाशी थांबत होती. देवचंदची थेट शून्यापर्यंत गेली होती. म्हणजे योगराजचं थोरलं. देवचंद उठला आणि खिडकीशी जाऊन रस्ता बघत बसला. योगराजने चहा घेतला नाही, आपल्या नाण्याची डबी मिटली आणि एकच्या गाडीने धुळ्याला गेला.

संध्याकाळी देवचंदने रुसवा आवरून भिंग हातात घेतलं. मखमलीवर एकच नाणं होतं. त्याची रेघ पहिल्या पानापाशी थांबत होती.

ते योगराजचं होतं. देवचंदचं गेलं होतं.

२

देवचंदने फोन लावला. तू स्वतःचं ठेवून माझं नेलंस, असं तो म्हणाला. पलीकडे योगराजने डबी उघडली, ती रिकामी. तो म्हणाला, माझं नाणं तुझ्या घरात आहे, माझी डबी रिकामी आहे, आणि चोर मी? तूच हरलास म्हणून स्वतःचं लपवलंस आणि माझं दाबून ठेवलंस. पुढचं दोघांनी एकाच वेळी बोलून घेतलं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. तीस वर्षांची मैत्री चार मिनिटांत मोडली.

एरवी मी म्हटलं असतं, मोडू द्या, आठवडाभरात जुळेल. पण आठवडा नव्हता. रविवारी आखाजी, आणि आखाजीला ज्योतीचं लग्न. ज्योतीच्या आईला भाऊ नाही. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तो मामा म्हणून देवचंद उभा राहणार, हे ज्योती शाळेत होती तेव्हापासून ठरलेलं. देवचंदने त्यासाठी नवा फेटाही आणून ठेवला होता. तो फेटा त्याने त्या संध्याकाळी कपाटाच्या वरच्या फळीवर भिरकावला आणि जाहीर केलं, की नाणं परत येत नाही तोवर तो धुळ्याची वाट धरणार नाही.

ज्योतीचा फोन मला आला. रडत नव्हती. रडली असती तर मी समजूत काढली असती. तिने शांतपणे सांगितलं, "नाना, देवचंदमामा पाठीशी नसतील तर मी पाटावर उभी राहणार नाही. बाबांना सांगितलंय. तुम्ही कंडक्टर होतात ना, गाडीतली हरवलेली वस्तू शोधायचात. ही शोधा."

झालं. हातात दोन दिवस.

शुक्रवारी सकाळी मी पहिला संशयित पकडला. तोताराम मोडवाला. गुरुवारी तो देवचंदकडे आला होता, भागाबाईंचा जुना तांब्याचा बंब मोडीत घ्यायला. तांब्यावर ज्याचा डोळा, तो पहिला संशयित, हे कुणीही सांगेल. त्याच्या दुकानी गेलो तर तो तराजूच्या पारड्यात बसून दाढी करत होता. आडून विचारायचं म्हणून मी म्हटलं, तोताराम, तांब्याचं एखादं जुनं नाणं मोडीत किती भरतं? तो आरशातून बघत म्हणाला, तोळाभरही नाही.

"नाना, तोळाभर तांबासाठे मी चोर व्हसू? बंब बारा किलोना व्हता. तो तर मी उघड उघड लई गयथू."

बरं, अंगणात उभा होतास, वर काही दिसलं का, असं विचारलं. वावटळ उठली तेव्हा धुळीने डोळे भरले होते, तो म्हणाला, पण गच्चीच्या कठड्यावर एक कावळा बसलेला होता आणि कठड्यामागून एक पांढरी टोपी गेली, एवढं आठवतं. डोक्यावरची टोपी सारखी करत ती टोपी मी सोडून दिली. अमळनेरात पांढऱ्या टोप्या किती आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे किती. पण कावळा मी नीट लक्षात ठेवला.

दुसरी संशयित बेबाबाई. तिच्या दाराला कुलूप होतं.

३

मग मी देवचंदच्या गच्चीवर गेलो. जिना चढताना भागाबाई मागून आल्या. गच्ची मोकळी होती, बिबडे आदल्या संध्याकाळीच निघाले होते, लुगडं नव्हतं. कोपऱ्यांवर ठेवलेले दगड मात्र तसेच होते. मोजले. तीन.

लुगड्याला कोपरे चार असतात, असं मी म्हणालो. भागाबाई म्हणाल्या, दगड तीनच मिळाले. वावटळ आली तेव्हा माझे हात घाट्यात, बेबाबाई चुलीशी, म्हणून मी जोरात हाक दिली. वळून बघेपर्यंत वारा पडलाही होता. कापड उडालं नाही, म्हणजे कशानं तरी धरलं असेल.

मी कठड्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजू लागलो. तपास करणाऱ्याने अशा वेळी बोलू नये.

खाली भागाबाईंचे बिबडे परातीत उभे रचून ठेवले होते. मी एकेक काढून बघू लागलो. देवचंद म्हणाला, तुला नाणं शोधायला सांगितलंय, नाश्ता नाही. तेराव्या बिबड्यावर माझं बोट थांबलं. त्यावर एक गोल ठसा होता, थोडा कडेबाहेर गेलेला. आत वेल होती. वेलीला एकच देठ.

मी बिबडा देवचंदपुढे धरला. त्याने भिंग घेतलं, मग दुसरं, मोठं भिंग घेतलं. ठसा उलटा होता, नाण्यावरची उंच रेघ इथे खोल चरा होऊन उमटली होती. कडेपासून निघाली, पहिलं पान ओलांडलं, पुढे गेली, आणि शून्याला टेकली.

"माझं आहे," देवचंद म्हणाला. आवाज इतका हळू, की भागाबाई घाट्याचं भांडं घासायच्या थांबल्या.

आता हिशेब बघा. बिबड्यावर ठसा उमटायला घाटा ओला हवा. बिबडे वाळायच्या आधी, भर सकाळी नाणं गच्चीवर होतं. आणि योगराजच्या दोन्ही गुडघ्यांत वाट्या बसवलेल्या. तो बैठकीतल्या खुर्चीवर बसतो आणि थेट गाडीसाठीच उठतो, जिन्याकडे बघतसुद्धा नाही; आज तो गच्चीवर आहे, तो जावईबापूंनी खुर्चीसकट उचलून आणला म्हणून. मी देवचंदला हे बोटांवर मोजून समजावलं. योगराजने नाणं नेलेलं नाही, आता फेटा काढ.

पण देवचंद साचे कोरणारा माणूस. जे हातात नाही ते तो मानत नाही. ठसा मिळाला, नाणं कुठे, असं म्हणाला. नाणं समोर ठेव, मी पायी धुळ्याला जातो.

त्या बिबड्याच्या कडेला ठशाजवळ एक पुसट खळगाही होता, थापताना बोट लागलं असेल. तेवढी कड मी मोडली आणि खाल्ली. देवचंद ओरडला, पुरावा खातोस? मी म्हटलं, ठसा शाबूत आहे, आणि मी सकाळपासून उपाशी आहे. भागाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. कच्चा बिबडा मी कधी खात नाही, दातांना झेपत नाही. पण तपासात माणसाला काय काय करावं लागतं.

मग मूळ प्रश्न. ते लुगडं कुणाचं? बेबाबाईचं. गुरुवारी संध्याकाळी तिने बिबडे सोडवले, निम्मे भागाबाईंना दिले, निम्मे त्याच लुगड्यात बांधले आणि शुक्रवारी पहाटेच्या गाडीने आखाजीसाठी लेकीकडे शिरपूरला गेली. चौथ्या कोपऱ्यावर जे होतं ते लुगड्याबरोबर गेलं. मी म्हटलं, फोन लावा. भागाबाईंनी लावला. भिंतीपलीकडून घंटी ऐकू आली. बेबाबाईने मोबाइल घरीच चार्जिंगला लावून ठेवला होता.

"एक सांगू का, नाना," भागाबाई म्हणाल्या. "शिरपूरच्या वाटेवर तापी लागते. बेबाबाई पुलावरून नाणं वाहिल्याशिवाय कधी गेलेली नाही. आणि तांब्याचं मिळालं तर ती त्यालाच पहिला मान देणार."

४

शनिवारी मी आधी धुळ्याला उतरलो. पंचाहत्तरी ओलांडल्यापासून एसटी मला फुकट नेते, तेव्हा वाट वाकडी करायला हरकत नव्हती. योगराजच्या दारी मांडव होता, हळद चालू होती, आणि नवरीचा बाप मांडवाच्या खांबाशी मांजर हरवल्यासारखा बसला होता.

त्याला मी एकच गोष्ट विचारली. गुरुवारी डबीत नाणं कुणी घातलं? तो म्हणाला, दर वेळी देवचंदच घालतो. नाण्याला कडेने धरायचं असतं, योगराजच्या बोटांना रंगाचे डाग, म्हणून आजवर देवचंदने त्याला हात लावू दिलेला नाही. मग त्या दिवशी? योगराजने रिकामी डबी पुन्हा उघडून बघितली. त्या दिवशी देवचंद रुसून खिडकीशी बसला होता. योगराजने सवयीने डबी मिटली. त्याला वाटलं नाणं आत आहे.

आत काहीच नव्हतं. त्याचं नाणं मखमलीवर राहिलं. म्हणून तिथे एक दिसलं आणि डबीत शून्य. अर्धं कोडं तिथेच सुटलं, आणि त्यात चोर नव्हता, एका म्हाताऱ्याचा रुसवा होता.

योगराजच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणायला लावण्याची त्याची इच्छाच नव्हती म्हणाला, गंमत होती, त्याला फोन करून तसं सांगतो. मी अडवलं. देवचंदला दया दाखवलेली चालत नाही. त्याला नाणंच दाखवावं लागेल.

तेवढ्यात ज्योती हळदीच्या हातांनी बाहेर आली. जावईबापू, तेव्हाची ही पोरगी तुम्ही पाहायला हवी होती. तोंड पिवळं, कपाळाला आठ्या. तिने बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मिळालं?"

मी म्हटलं, जवळपास. हा शब्द कंडक्टरांनी गाडी कुठवर आली हे सांगायला शोधून काढलेला आहे.

दुपारच्या शिरपूर गाडीत मी खिडकीशी बसलो. सावळद्याजवळ तापीचा पूल आला. पलीकडच्या खिडकीतून एक बाई हात जोडून काहीतरी टाकत होती. मी खाली बघितलं. उन्हात नदी चकाकत होती, दोनशे वर्षांची अमेरिकन चूक तिच्या वाळूत रुतली असेल तर ती काढायला माझ्याकडे एकच संध्याकाळ होती आणि मला पोहता येत नाही. तरी मी सदरा काढायची तयारी ठेवली. खरं सांगतो, दोन बटणं उघडलीही होती.

५

बेबाबाईच्या लेकीच्या घरी झोका टांगलेला होता, पोरी गाणी म्हणत होत्या. बेबाबाई ओट्यावर डांगर चिरत होती. मी पाणीही मागितलं नाही. विचारलं, लुगड्याच्या कोपऱ्यावर नाणं होतं का?

"व्हतं ना," बेबाबाई म्हणाली. "बिबडाले चिकटेल व्हतं. माले वाटनं भागाबाईनं वजन ठेवं. हराई जाई म्हनीसन कोपरामा गाठ मारी लिधी. परत देवानं इसरनू."

म्हणजे गाठीत बांधलं आणि परत द्यायचं विसरली. मी कसंबसं विचारलं, आणि तापी?

तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं विनातिकीट प्रवाशाकडे मी पाहायचो. "तापीमायले मी मन्हं पाच रुपयानं वाहं. दुसरानं नाणं कशी वाहसू? नदी दखत नही का?"

मग नाणं कुठे आहे, म्हटलं. ती मला आत घेऊन गेली. उद्याच्या आखाजीसाठी पितरांची घागर भरून ठेवली होती. घागरीत तांब्याचं नाणं घालतात, आणि आता तांब्याचं नाणं मिळतं कुणाला. लेकीच्या सासूची दोन दिवस शोधाशोध चालली होती. बेबाबाईने गाठ सोडली, सासूबाईंना वापरायला दिलं, सण झाला की परत न्यायचं या बोलीवर. मी बाही वर केली आणि घागरीत हात घातला. तळाशी बोटाला ते लागलं. डोळे मिटले होते तरी सांगितलं असतं: रेघ, पहिलं पान, पुढे शून्य. बदल्यात मी माझ्या आजीचा तांब्याचा ढब्बू पैसा घागरीत सोडला, जो मी ताईत म्हणून गळ्यात घालतो. सासूबाई म्हणाल्या, हा तर आणखी बरा आहे, याच्यावर परकी बाई नाही.

शनिवारी दिवेलागणीला मी अमळनेरला पोचलो आणि नाणं मखमलीवर ठेवलं, कडेला धरून, अगदी रीतसर. देवचंदने भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग वास घेतला. ज्या बाजूला घाटा चिकटला होता ती बाजू जरा उजळली होती आणि तिला लसणाचा वास येत होता. जगातल्या सगळ्या संग्राहकांकडे या साच्याची जितकी नाणी असतील, त्यात लसणाच्या वासाचं हे एकच. देवचंद म्हणाला, हा नवा प्रकार धरावा लागेल. तीन दिवसांत तो पहिल्यांदा हसला. मग स्टूल घेतलं आणि कपाटाच्या फळीवरून फेटा काढला.

पुढचं ज्योतीला पाठ आहे. रविवारी मांडवात देवचंद तिच्या पाठीशी उभा होता, फेटा जरा डावीकडे कललेला. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि त्या गर्दीत तो योगराजपाशी गेला. योगराज आधी बोलायला बघत होता, याने हात वर करून थांबवलं.

"दादा," देवचंद म्हणाला, "माझं चुकलं."

योगराजने दोन्ही हात धरले. वाजंत्रीवाले थांबले होते म्हणून हे मला ऐकू आलं, नाहीतर मी हे मनाने घातलंय असं तुम्ही म्हणाला असतात.

इथे जावईबापूंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "नाना, सगळं पटलं. पण नाणं मखमलीवरून गच्चीवर गेलं कसं?"

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. हाच प्रश्न मांडवात देवचंद आणि योगराज यांनीही विचारला होता, आणि माझं उत्तर ऐकून दोघंही पोट धरून हसले होते आणि त्यांच्यातलं उरलंसुरलं किल्मिष निघून गेलं होतं. मी मिशीवरून हात फिरवला. तोतारामची साक्ष आठवा, म्हटलं. कठड्यावर कोण बसलं होतं? कावळा. कावळ्याला घाट्याचा वास आला. घाटा थापणाऱ्या दोन बायका समोर, म्हणून तो हुशारीने खिडकीतून बैठकीत आला, की चमचा तरी न्यावा. त्या दोघांच्या माना भिंगात. माझं लक्ष जाईपर्यंत त्याने सेंट चोचीत धरला आणि वर नेला. तेवढ्यात वावटळ. कापड उडू लागलेलं पाहून त्या शहाण्या पाखराने चोचीतलं वजन बरोब्बर चौथ्या कोपऱ्यावर सोडलं. मी त्याला ते ठेवताना माठापाशी उभं राहून या डोळ्यांनी पाहिलं.

जावई भारावून गेले. खरंच, म्हणाले. योगराज मान डोलवत होता. ज्योती माझ्याकडे जरा बारीक नजरेने बघत होती, पण ती लहानपणापासून तशीच बघते.

भागाबाई मघाशीच उठून खाली गेल्या होत्या. मला वाटलं चहा आणायला. त्या आल्या तेव्हा हातात गेल्या वर्षीचा बिबड्यांचा डबा होता. तळाशी चार उरले होते, कालच सापडले, असं म्हणत त्यांनी त्यातला एक काढला आणि माझ्यापुढे नव्हे, देवचंदपुढे ठेवला.

त्या बिबड्याच्या कडेवर नाण्याच्या गोलाची एक पातळ कोर उमटलेली होती. म्हणजे हा त्या तेराव्याचा शेजारी. कोरीला लागून एक चांगला ठळक खळगा होता, नाणं घाईने दाबून बसवताना पडावा तसा. खळग्याच्या मधोमध एक तिरपी रेघ. उंच उठलेली.

देवचंदने भिंग लावलं. साच्याला खाच असली की मालावर उंच रेघ उठते, हे त्या गच्चीवर एव्हाना जावयांनासुद्धा माहीत झालेलं होतं. देवचंदने माझा उजवा हात धरला, उताणा केला, पुन्हा पालथा केला, आणि माझा अंगठा हळूच त्या खळग्यात ठेवला.

बसला. केसाइतकाही फरक नाही.

योगराजचा चहा नाकातून आला. नाणं बोटांत घोळवत पाणी प्यायला वर कोण गेलं होतं, हे आता सांगायची गरज उरली नव्हती. मी कठड्याकडे बघितलं, एखादा कावळा असता तर बरं झालं असतं. एकही नव्हता. भागाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, पदराने हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"नाना, कावळ्याला अंगठा असतो का?"